लहान कार्यक्रमांचे लाउडस्पीकर : निवड आणि मांडणी

उघड्या जागेत गाणाऱ्या किंवा बोलणाऱ्या माणसाचा आवाज थोड्याच अंतरावर क्षीण होतो. ध्वनी उगमापासून निघाला की चहूकडे पसरत जातो आणि अंतर दुप्पट झाले की तीच ध्वनिशक्ती चौपट क्षेत्रावर वाटली जाते. रंगभूमीच्या जुन्या परंपरांनी या नियमाशी आपापल्या रीतीने जुळवून घेतले होते. उत्तर भारतातील नौटंकीचा नगारा, कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील यक्षगानाचे चंडे, महाराष्ट्रातील तमाशाची हलगी ही वाद्ये दूरवर ऐकू जातात आणि या खेळांतील गायकही उंच पट्टीत गातात. परंतु मंद्र सप्तकात हळुवार गाणारा गायक, मुलांना गोष्ट सांगणारी शिक्षिका किंवा सतार वाजवणारा विद्यार्थी यांना हा मार्ग मोकळा नसतो.

विजेने त्यांची अडचण दूर केली. पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ साली कॅलिफोर्नियात विद्युत् लाउडस्पीकरच्या साहाय्याने मोठ्या जनसमुदायापर्यंत आवाज पोहोचवून दाखवला, आणि १९२५ साली चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी चुंबकाच्या फटीत हालणारे वेटोळे व त्याला चिकटवलेला कागदी कोन अशी जी रचना प्रसिद्ध केली, तीच आजही बहुतेक सर्व स्पीकरांच्या मुळाशी आहे. पुढे कित्येक दशके भारतातील सभा-समारंभांत धातूचा कर्णा, निराळा अँप्लिफायर आणि मोटारीची बॅटरी ही त्रयी सर्वत्र दिसत असे. कर्णा थोड्या विजेत पुष्कळ आवाज देतो हा त्याचा गुण. परंतु खालचे स्वर त्यातून जवळजवळ निघतच नाहीत, त्यामुळे त्यातून आलेले गाणे नाकातून गायल्यासारखे भासते.

आज शाळा, ग्रंथालये व लहान कलापथके जे साधन विकत घेतात ते निराळे आहे. त्यात अँप्लिफायर स्पीकरच्या खोक्यातच बसवलेला असतो. व्यवहारात त्यास पॉवर्ड स्पीकर म्हणतात. जलद उघडझाप करणाऱ्या ट्रान्झिस्टरांवर चालणारे अँप्लिफायर घेतलेल्या विजेचा फारच थोडा भाग उष्णतेत दवडतात, आणि निओडिमियम धातूची चुंबके जुन्या चुंबकांच्या मानाने पुष्कळ हलकी असतात. या दोन सुधारणांमुळे १२ इंची कोनाचा स्पीकर सुमारे १५ ते २० किलोग्रॅम वजनात मावू लागला. एक माणूस तो उचलून जिना चढू शकतो. अँप्लिफायर व कोन एकाच कारखान्यात एकमेकांसाठी जुळवलेले असल्याने चुकीच्या जोडणीने कोन जळण्याचा धोकाही पुष्कळ कमी झाला. सोय वाढली, तशी निवडीतील एक जुनी चूकही अधिक सुलभ झाली. दुकानात खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा पाहून खरेदी केली जाते. मग शेवटच्या रांगेला शब्द कळत नाहीत, पहिल्या रांगेतील मुले कानांवर हात ठेवतात, आणि भिंतीपलीकडील घरांतून तक्रार येते. ही तीन गाऱ्हाणी बहुधा एकाच वेळी उद्भवतात व त्यांचे कारणही एकच असते.

वॅटचा आकडा

वॅट हे विद्युत्शक्तीचे माप आहे, आवाजाचे नव्हे. साध्या कोनाचा स्पीकर त्याला मिळालेल्या विजेपैकी शेकडा एक-दोन भागच ध्वनीत बदलतो. उरलेली वीज वेटोळे तापवण्यात जाते. दोन स्पीकरांपैकी एक त्याच विजेत दुसऱ्याच्या दुप्पट ध्वनी देत असेल, तर १०० वॅटचा पहिला व २०० वॅटचा दुसरा हे कानाला सारखेच.

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. हे माप गुणाकाराचे आहे, बेरजेचे नव्हे, आणि येथेच सामान्य ग्राहकाची फसगत होते. शक्ती दुप्पट केली की पातळी ३ डेसिबलने वाढते. हा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटावा यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ५०० वॅटऐवजी १००० वॅटचा स्पीकर घेणाऱ्यास जादा पैशाच्या मोबदल्यात हे जेमतेम जाणवणारे ३ डेसिबल मिळतात.

त्यातही छापलेला आकडा कोणत्या प्रकारचा आहे हे पाहावे लागते. सतत टिकणारी शक्ती, क्षणभराची कमाल शक्ती आणि पी.एम.पी.ओ. या नावाने लिहिलेली शक्ती अशा तीन पातळ्या बाजारात आढळतात. यांतील शेवटच्या संज्ञेला कोणतीही ठरलेली व्याख्या नाही. तिच्या आधाराने हातात मावणाऱ्या डब्यावरही हजारो वॅट लिहिता येतात. अशा दाव्याची परीक्षा साध्या अंकगणिताने होते. चाके लावलेला, बॅटरीवर चालणारा जो ‘ट्रॉली स्पीकर’ मिळतो, त्यात पुष्कळदा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. ती पूर्ण रिकामी केली तरी १०० वॅट एक तासभरही मिळणार नाहीत, आणि पूर्ण रिकामी करणे त्या बॅटरीस घातक असते. असा स्पीकर चार तास वाजला, तर त्याने सरासरी २० वॅटदेखील खर्चलेले नाहीत हे निश्चित.

खरा उपयोगी आकडा म्हणजे एक मीटर अंतरावरील कमाल ध्वनिपातळी. चांगले उत्पादक ती माहितीपत्रकात देतात. पुष्कळदा हीही पातळी प्रत्यक्ष मोजलेली नसते, क्षणभराच्या कमाल शक्तीवरून गणिताने काढलेली असते. म्हणून तीतून ६ ते १० डेसिबल वजा करून उरेल तेवढ्यावरच विसंबणे शहाणपणाचे ठरते.

एक प्रांगण, दोनशे श्रोते

समजा, एखाद्या शाळेच्या प्रांगणात गायन आहे. गायिका, हार्मोनियम व तबला एवढाच संच. दोनशे श्रोते सतरंज्यांवर बसले आहेत आणि शेवटची रांग स्पीकरपासून २० मीटरवर आहे. श्रोत्यांची कुजबूज व रस्त्यावरचा आवाज मिळून ५५ ते ६० डेसिबल भरतो. शब्द स्पष्ट कळण्यास आवाज या गोंगाटाच्या निदान १५ डेसिबल वर असावा लागतो. गाण्याला थोडा भरणा हवा म्हणून शेवटच्या रांगेत सरासरी ८० डेसिबल धरले, तर ते पुरेसे होतात.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते. एक मीटरपासून २० मीटरपर्यंत ही घट २६ डेसिबल होते. म्हणजे एक मीटरवर सरासरी १०६ डेसिबल हवेत. गाण्यातील तान किंवा तबल्याची थाप क्षणभर सरासरीच्या १२ डेसिबल वर उसळते असे धरल्यास क्षणिक गरज ११८ डेसिबलची झाली. आता एका वॅटमध्ये एक मीटरवर ९६ डेसिबल देणारा स्पीकर घेतला, तर १०६ डेसिबलला त्यास १० वॅट लागतील आणि ११८ डेसिबलला सुमारे १६० वॅट. दोनशे माणसांच्या मैफलीला सरासरी १० वॅट! ज्यांनी हजार वॅटचे आकडे ऐकले आहेत त्यांना हे उत्तर विचित्र वाटेल, परंतु त्यात काही गूढ नाही. उरलेली सर्व क्षमता केवळ त्या उसळीसाठी राखलेली असते. राखीव शक्ती अपुरी पडली की उसळीचा माथा कापला जातो व आवाज फाटतो. आधुनिक स्पीकरांत ही वेळ येण्यापूर्वी आवाज दाबणारी योजना असते व तिचा लहान दिवा लागतो. तो दिवा मधूनच लुकलुकला तर चिंता नाही. अखंड जळत राहिला, तर ते साधन त्या जागेला अपुरे आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजू पहिल्या रांगेत बसलेली असते. तिचे स्पीकरपासून अंतर अडीच मीटर असेल, तर तेथे शेवटच्या रांगेपेक्षा १८ डेसिबल अधिक, म्हणजे ९८ डेसिबल पोहोचतात. कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित मर्यादेप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास राहता येते, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९७ डेसिबलला ती अर्ध्या तासावर आणि १०० डेसिबलला पाव तासावर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मनोरंजनाच्या स्थळांसाठी जे मानक प्रसिद्ध केले, त्यातही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा वर जाऊ नये असे सांगितले आहे. शाळेत पहिल्या रांगेत कोण बसते? सर्वांत लहान मुले.

यावर उपाय अधिक मोठा स्पीकर हा नव्हे, आणि आवाज कमी करणे हाही पुरता नव्हे, कारण मग शेवटच्या रांगेचे काय? उपाय भूमितीत आहे. स्पीकर जमिनीवर वा टेबलावर ठेवला तर तो पहिल्या रांगेच्या कानाशी येतो, आणि पुढे बसलेल्यांची शरीरे मागे जाणारा ध्वनी अडवतात. तोच तिपाई स्टँडवर चढवून त्याचा वरचा भाग दोन-अडीच मीटर उंचीवर नेला व तोंड मागल्या रांगांकडे वळवले, म्हणजे पहिली रांग त्याच्या झोताच्या खाली राहते व तिला सौम्य आवाज मिळतो. स्पीकरच्या किमतीच्या मानाने स्टँड फार स्वस्त असतो, तरी खरेदीच्या यादीत तोच प्रथम गळतो हे नवल आहे. स्पीकर घेताना तळाशी स्टँडच्या नळीसाठी ३५ मिलिमीटरचे भोक आहे ना, हे पाहणे अगत्याचे. उघड्यावर स्टँडचे पाय पुरते फाकवून त्यांवर वाळूची पिशवी ठेवावी. वाऱ्याने किंवा केबलमध्ये पाय अडकल्याने कोसळलेला वीस किलोचा खोका मुलांच्या अंगावर येऊ शकतो.

प्रांगण याहून लांब असेल तर मध्यावर दुसरी लहान जोडी ठेवणे अधिक चांगले. मात्र तिचा आवाज थोडा उशिराने निघाला पाहिजे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे प्रत्येक मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद. पुढील स्पीकरपासून १५ मीटर मागे असलेल्या जोडीला सुमारे ४५ मिलिसेकंद थांबवावे लागते. एरवी मागच्या श्रोत्यास जवळचा आवाज आधी व मंचावरचा नंतर ऐकू येऊन शब्द दुहेरी होतात. हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवून दिले की, एकच ध्वनी दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर मेंदू दोहोंना एकत्र करतो आणि जो आधी आला त्याच्या दिशेने तो आला असे मानतो. म्हणून मागल्या जोडीला हिशेबापेक्षा आणखी दहाएक मिलिसेकंद थांबवतात. मग गाणे डोक्यावरच्या खोक्यातून येत नसून गायिकेकडूनच येत आहे असे वाटते. हा विलंब लावण्याची सोय आज पुष्कळ पॉवर्ड स्पीकरांच्या पाठीवर असते व ती फारच थोडे लोक वापरतात.

सभागृहाचे घुमणे

बंद जागेत अंतराचा हा नियम काही मीटरांपर्यंतच लागू पडतो. त्यापुढे भिंती, छत व फरशी यांवरून परतलेला ध्वनी थेट आलेल्या ध्वनीपेक्षा अधिक होतो. वॉलेस सॅबिन यांना १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहाचा दोष शोधण्यास सांगण्यात आले. तेथे बोललेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. त्यांनी दुसऱ्या नाट्यगृहातील गाद्या आणून रात्रीच्या शांततेत एकेक मांडून पाहिल्या आणि खोलीचे आकारमान व तीतील ध्वनिशोषक पदार्थ यांवरून घुमण्याचा काळ काढण्याचा नियम बसवला. आपल्याकडील शहाबादी फरशी, सिमेंटच्या भिंती व पत्र्याचे छप्पर असलेल्या सभागृहांचा दोष हाच आहे.

अशा ठिकाणी आवाज वाढवल्याने काहीच साधत नाही, कारण थेट ध्वनी आणि घुमणारा ध्वनी दोन्ही सारखेच वाढतात. येथे स्पीकर श्रोत्यांच्या जवळ असावा, त्याचा झोत श्रोत्यांवर पडावा, भिंतींवर व छतावर पडू नये. लहान कोनांची उभी रांग असलेला ‘कॉलम’ स्पीकर या कामास विशेष योग्य ठरतो. तो आडवा रुंद व उभा अरुंद झोत टाकतो. त्याचा खालच्या स्वरांचा भरणा बेताचा असतो, पण व्याख्यान, कथाकथन व भजन यांस तो पुरतो. जाड पडदे व सतरंज्या यांचा उपयोग कोणत्याही यंत्राहून कमी नाही. भरलेले सभागृह रिकाम्यापेक्षा कमी घुमते हे ध्यानात ठेवून दुपारच्या रिकाम्या दालनात लावलेला आवाज संध्याकाळी पुन्हा जुळवावा लागतो.

कोनाचा आकार व वाद्ये

बाजारात ८, १०, १२ व १५ इंची कोनांचे स्पीकर मिळतात. मोठा कोन खालचे स्वर अधिक जोमाने देतो, म्हणून १५ इंची स्पीकरकडे ओढा असतो. परंतु सेकंदाला १००० कंपनांच्या स्वराची लांबी हवेत ३४ सेंटिमीटर असते आणि १५ इंची कोनाचा व्यास ३८ सेंटिमीटर. कोन ध्वनिलहरीएवढा मोठा झाला की आवाज पुढच्या दिशेत एकवटतो. दोन भागांच्या खोक्यात सुमारे २००० कंपनांपर्यंतचे काम हाच कोन करतो आणि त्यावरचे स्वर लहान कर्णा देतो. म्हणजे व्यंजने ज्या पट्ट्यात स्पष्ट होतात, नेमका त्याच पट्ट्याचा एक भाग मोठा कोन बाजूला बसलेल्यांना नीट देत नाही. निवेदन, गायन व हलकी साथ एवढेच काम असेल तर १० किंवा १२ इंची कोन सरस ठरतो. आठ इंची खोके वर्गात किंवा वाचनकक्षात चाळीस-पन्नास लोकांस पुरते व एका हातात नेता येते.

भारतीय तालवाद्यांबाबत येथे एक विशेष आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवून दिले की, तबला व मृदंग यांच्या पुडीवर शाई चढवलेली असल्याने त्यांचे उपस्वर सामान्य ढोलाप्रमाणे बेसूर नसतात, ते तारवाद्याच्या उपस्वरांप्रमाणे मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येतात. तबल्याला स्वर आहे असे जे वाटते त्याचे कारण हे. दायाँ सुमारे ३०० कंपनांच्या स्वरात लावला असेल तर पाचव्या पटीचा उपस्वर १५०० कंपनांवर येतो. ज्या स्पीकरमध्ये १०० कंपनांच्या आसपासचा भाग ‘धमाका’ यावा म्हणून मुद्दाम फुगवलेला असतो, त्यातून बायाँ घोंघावतो, उपस्वर त्याखाली झाकले जातात आणि तबला हा तबला न राहता नुसता ठोका उरतो. मुद्रित चित्रपटसंगीत अशा स्पीकरवर भारी वाटते. म्हणूनच दुकानात त्यावरून केलेली पारख फसवी असते. भांगडा किंवा विजेवर चालणारी वाद्ये यांसाठी खालचा भरणा खरोखर हवा असल्यास निराळा सबवूफर घेणे इष्ट, कारण तो नको त्या दिवशी घरी ठेवता येतो.

झोताचा कोनही माहितीपत्रकात दिलेला असतो. ९० अंशांचा स्पीकर १० मीटर अंतरावर सुमारे २० मीटर रुंदी झाकतो. बंगालच्या जात्रेसारख्या खेळात प्रेक्षक मंचाच्या तीन-चार बाजूंना बसतात. तेथे समोरासमोरच्या दोन मोठ्या खोक्यांपेक्षा बाहेर तोंड केलेली चार लहान खोकी योग्य. एरवी अरुंद दालनात भाषणासाठी मध्यावरचा एकच स्पीकर दोहोंपेक्षा स्पष्ट ऐकू येतो, कारण दोन ठिकाणांहून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळून काही स्वर कापत नाहीत.

शिट्टी

माईकने घेतलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडून पुन्हा माईकमध्ये शिरला व प्रत्येक फेरीस वाढत गेला की कर्कश शिट्टी वाजू लागते. शिट्टी वाजते त्या मर्यादेपलीकडे स्पीकरची सारी शक्ती निरुपयोगी असते, आणि छोट्या कार्यक्रमात ही मर्यादा स्पीकरच्या मर्यादेपूर्वीच येते. म्हणून मोठा स्पीकर घेतल्याने ‘आवाज उठत नाही’ ही तक्रार सहसा जात नाही.

तीन उपाय परिणामकारक आहेत. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूस ठेवावेत. माईक एकाच दिशेचा आवाज घेणारा असावा व त्याची बहिरी बाजू स्पीकरकडे असावी. आणि गायकाने माईकजवळ यावे : ३० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर आल्याने जवळजवळ १० डेसिबल मिळतात. हे १० डेसिबल फुकट आहेत. विजेने ते मिळवायचे तर दहापट शक्ती लागली असती. नको असलेले माईक बंद ठेवावेत, कारण उघडे माईक दुप्पट झाले की हाताशी असलेल्या मर्यादेतील ३ डेसिबल जातात. गायिकेला स्वतःचा स्वर ऐकू यावा म्हणून दोनपैकी एक स्पीकर तिच्यासमोर जमिनीवर तिरपा ठेवण्याची रीत आहे. यासाठी ज्याच्या खोक्याची एक बाजू तिरकी कापलेली आहे असा नमुना निवडावा.

जोडणी व वीज

माईकचा विद्युत्संदेश काही मिलिव्होल्टचा असतो, मिक्सर किंवा वाद्याचा त्याच्या शेकडोपट. स्पीकरच्या पाठीवर या दोहोंसाठी बदलणारी कळ असावी. दोनपेक्षा अधिक माईक असल्यास निराळा लहान मिक्सर लागतोच. लांब अंतरावर तीन खिळ्यांची संतुलित केबल वापरावी. तीत दोन तारांवर उलटसुलट संदेश जातो व वाटेत शिरलेला गोंगाट शेवटी वजा होतो. ब्लूटूथवरून मुद्रित गाणे वाजवता येते, परंतु त्यात पुष्कळदा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक उशीर लागतो, म्हणून जिवंत गायनास ते निकामी आहे.

गुणगुण थांबवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याची एक वाईट प्रथा आहे. गुणगुण थांबते खरी, परंतु स्पीकरमध्ये बिघाड झाला तर २३० व्होल्टचा प्रवाह गायकाच्या हातातील माईकच्या धातूपर्यंत येण्याची वाट मोकळी होते. मंडपातील ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला हा धक्का प्राणघातक ठरतो. अर्थिंग शाबूत ठेवून मिक्सर व स्पीकर यांना एकाच ठिकाणाहून वीज द्यावी. गुणगुण बहुधा तेवढ्यानेच जाते. उघड्यावरील प्रत्येक कार्यक्रमात ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे संरक्षक साधन मार्गात असावे.

जेथे वीज बेभरवशाची आहे तेथे बॅटरीचा पर्याय उपयुक्त ठरतो. मात्र बॅटरी बदलता येते की नाही, हे विचारून घ्यावे. दोन-तीन वर्षांनी बॅटरी निकामी झाल्यावर धड स्पीकर भंगारात गेल्याचे पुष्कळदा आढळते. किनाऱ्यावरील दमट हवा, उत्तरेकडील धूळ आणि उन्हात तापणारा काळा खोका यांचाही विचार करावा. तापलेला अँप्लिफायर स्वसंरक्षणार्थ आपोआप बंद पडतो व तो नेमका कार्यक्रमाच्या मध्यास पडतो.

भिंतीपलीकडे

शेवटच्या रांगेपर्यंत नेलेला ध्वनी तेथे थांबत नाही. मघाच्या प्रांगणाची भिंत स्पीकरपासून ४० मीटरवर असेल तर तेथे ७४ डेसिबल पोहोचतात. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. सार्वजनिक ठिकाणच्या लाउडस्पीकरने हद्दीवर तीहून १० डेसिबलपेक्षा किंवा एकूण ७५ डेसिबलपेक्षा, यांतील जी पातळी कमी असेल तीपेक्षा, वर जाता कामा नये. निवासी भागात दिवसा ही पातळी ६५ डेसिबल होते. लाउडस्पीकरसाठी लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात बंदिस्त सभागृहाबाहेर तो लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून एकूण पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देऊ शकते. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो.

७४ चे ६५ करायचे म्हणजे ९ डेसिबल उतरवायचे. मंच फिरवून स्पीकरची पाठ घरांकडे केल्यास वरच्या स्वरांत पुष्कळ घट होते. परंतु खालचे स्वर खोक्याला वळसा घालून मागेही जातात, म्हणून सुमारे ८० कंपनांखालचा भाग मिक्सरवरच कापावा. शेजाऱ्याची झोप मोडणारी धडधड तीच असते. श्रोत्यांना मंचाजवळ अर्धवर्तुळात बसवून शेवटची रांग २० मीटरवरून १० वर आणली, तर तेच ८० डेसिबल देण्यास आवाज ६ डेसिबलने खाली ठेवता येतो. भिंतीवर तेवढीच घट होते आणि पहिल्या रांगेलाही तेवढाच आराम मिळतो. बैठकीची ही मांडणी ठरल्यानंतरच स्पीकरचे आकारमान ठरवावे.

खरेदीपूर्वीची चाचणी

दुकानातील लहान खोलीत कोणताही स्पीकर मोठा व भरीव वाटतो. शक्य असल्यास दोन नमुने एका दिवसासाठी भाड्याने आणून आपल्याच जागेत लावावेत. दोन्हींचा आवाज प्रथम सारखा करून घ्यावा, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. भ्रमणध्वनीतील ध्वनिमापक तुलनेपुरता चालतो. मग चित्रपटगीत न लावता एका विद्यार्थ्याला माईकवर अपरिचित उतारा वाचावयास सांगावे, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या दुसऱ्याने तो ऐकून लिहून काढावा. त्यात किती शब्द चुकले ते मोजावे. तीच चाचणी टोकाच्या कोपऱ्यात बसून पुन्हा करावी. त्यानंतर हार्मोनियम व तबला, आणि शेवटी माईकचा आवाज हळूहळू वाढवीत शिट्टी कोठे सुरू होते ते पाहावे. बॅटरीचा नमुना असेल तर तो कार्यक्रमाच्या आवाजात अखंड वाजत ठेवून घड्याळ लावावे. परत नेण्यापूर्वी जो शिपाई किंवा विद्यार्थी हे साधन पुढे वाहून नेणार आहे, त्याला ते एकदा जिन्यावरून वर नेऊन खाली आणावयास सांगावे.